तळव्याला पोचलेली हाक

चंद्रावरच्या शाळेत तिसरीची मुलं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून रांगेत उभी होती. कुमुदबाईंनी शेवटच्याला हलकेच ढकललं आणि धक्का एकेकाला डोलवत पहिल्यापर्यंत पोचला.

"जागा कुणी सोडली? कुणीच नाही. गेला तो फक्त धक्का. आवाज असाच जातो." बाई स्वतः लहानपणापासून ठार बहिऱ्या. समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखत.

एवढ्यात लाल दिवा लागला. बाहेरच्या बोगद्याला चीर पडून हवा निघून गेली होती आणि दारं आपोआप मिटली होती. पाणी प्यायला गेलेली ऋजुता बोगद्यापलीकडच्या खोलीतच अडकली. मुलं तिच्या नावाने ओरडू लागली.

"घसे फोडू नका," बाई म्हणाल्या. "मधे हवाच नाही. हवेची रांगच पळाली, तर धक्का कोण नेणार? पण जमीन कुठे पळालीय?" त्यांनी पोलादी जमिनीवर तळवे टेकले.

मागच्या दाराने सुरक्षा अधिकारी खोत धापा टाकत आले. "बोगद्यातल्या माइकवर काहीच नाही, बाई. पलीकडे कुणी वाचलेलं दिसत नाही."

"वाचलीय. तीनदा ठोकते, थांबते, पुन्हा तीनदा ठोकते."

"तुम्हाला कसं ऐकू येणार?"

एव्हाना सगळा वर्ग ओणवा होऊन जमिनीला हात लावून बसला होता. "काका, आधी बूट वाजवू नका," पुढची मुलगी दटावून म्हणाली. "मग हात टेका."

खोतांनी हात टेकला. दुसऱ्याच क्षणी ते बचावगाडीकडे धावत सुटले, पण चवड्यांवर, पाऊल न वाजवता.