काटा दोन हजारांवर

“पाय हलतोय तुझा,” बॉनेटखाली वाकलेला स्टश म्हणाला.

“नाही हलत.”

“अरे, कार्बुरेटरची झडप दिसतेय मला इथून. पाखरासारखी फडफडतेय.”

झिगमुंडने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं; ही नुसती तालीम होती. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून उजवा पाय त्याचं ऐकत नसे.

गाडी सत्तर सालची, शेवरोले कंपनीची शेवेल. लाल, वर दोन काळे पट्टे. आत चारशे चोपन्न घनइंचांचं दांडगं इंजिन, कारखान्याने मोजक्याच गाड्यांत बसवलेलं. सगळा हिवाळा त्या दोघा म्हाताऱ्यांनी ते याच गॅरेजात उघडलं, धुतलं, पुन्हा बांधलं, नारिंगी रंगवलं. आता एवढंच उरलं होतं. नवा कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, घातलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरून ठेवायचं. मध्येच फेऱ्यांच्या मीटरचा काटा खाली आला, इंजिन मंद पडलं, तर कॅमवरचे उंचवटे घासून सपाट. मग सगळं परत उघडायचं.

“परत उघडणार नाही मी,” झिगमुंड म्हणाला. “विकून टाकीन. आहे तशी.”

“मग मी बसतो ना.”

“तू? तुझा पाय म्हणजे सिमेंटची गोणी. आणि ठिणगीचं टायमिंग कोण बघणार, माझी सासू?”

“माझ्या आईला कशाला मध्ये आणतोस?” रेजिना स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजात आली होती. “टोपली भरून झालीये. अंडी, सॉसेज, लोण्यात घडवलेलं कोकरू, सगळं. बाराला चर्चमध्ये टोपल्यांना आशीर्वाद आहे, उद्या ईस्टर. आणि तुमच्या खाटखुटीपायी माझी सकाळची जपमाळ अजून व्हायचीये.”

माळ तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती.

झिगमुंड आरशातून तिच्याकडे बघत राहिला.

“किती वेळ लागतो गं तुझ्या माळेला?”

“आज विचारतोयस? शांतपणे म्हटली तर वीस मिनिटं.”

“ठाऊक आहे. रोज तेवढ्यात माझी कॉफी गार होते.” तो दाराला धरून हळूहळू खाली उतरला. “ये. बस.”

“कुठे?”

“इथे. स्टीअरिंगपाशी.”

“मी? कॉफीचा कप हातात असला तर शेजारीसुद्धा बसू देत नाहीस तू मला.”

“रेजी, एवढा वेळ जागचं न हलता बसणारं माणूस या घरात दुसरं नाहीये.”

ती बसली. पाय पोचेना. नुसती टाच टेकली.

“सीट पुढे घ्यायला हवी,” स्टश म्हणाला आणि त्याने झिगमुंडकडे पाहिलं. झिगमुंडने गाडी घेतली त्या दिवशी ती सीट स्वतःच्या मापाने लावली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

झिगमुंड कष्टाने वाकला, सीटच्या रुळावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि खटका ओढला. स्टशने मागून ढकललं. करकर करत सीट पुढे सरकली.

“काटा दोन हजारांवर आला की बस,” झिगमुंड म्हणाला. “काही झालं तरी पाय काढायचा नाही. मी हात असा वर केला तर थोडं जास्त, असा खाली केला तर थोडं कमी. गळ्यावरून फिरवला की बंद.”

“आणि भीती वाटली तर?”

“तर म्हण की काहीतरी. म्हणतेसच ना रोज.”

स्टशने गॅरेजचं गल्लीकडचं दार उघडलं आणि किल्ली फिरली. इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं आणि भिंतीवरचे पाने खिळ्यांवर नाचायला लागले. रेजिना दचकली, पण पाय दचकला नाही. काटा चढला, दोन हजारांवर आला, तिथे थांबला. तिने डाव्या हातात पहिला मणी धरला. ‘नमो मरिये’ तिचं तिलाच ऐकू येईना. नुसते ओठ हलत होते.

मध्येच बॉनेटखालून धूर निघाला. स्टश आग विझवायच्या नळकांड्याकडे धावला. झिगमुंडने मान हलवली. नवा रंग जळत होता, दुसरं काही नाही. त्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. काटा चित्रातल्यासारखा उभा होता.

स्टशने घड्याळ दाखवलं. झिगमुंडने गळ्यावरून हात फिरवला.

रेजिनाने माळेचा हात वर केला. थोडे मणी उरले होते.

दोघे थांबले. स्टशने नकळत डोक्यावरची टोपी काढली.

शेवटचा मणी झाला. तिने कपाळावरून छातीवर, या खांद्यावरून त्या खांद्यावर क्रूसाची खूण केली आणि पाय अलगद सोडला. काटा खाली आला. इंजिन बंद पडलं नाही. जड, संथ लयीत चालत राहिलं. दोघांनी कान लावले.

“टकटक नाही,” स्टश म्हणाला.

“नाही.” झिगमुंडने फडक्याने तोंड पुसलं. डोळ्याखाली काळा फराटा उमटला.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली.

“चालले मी, टोपलीचा आशीर्वाद राहील,” ती उतरत म्हणाली.

“अगं, अंगाला पेट्रोलचा वास येतोय,” झिगमुंड म्हणाला.

“येऊ दे. तुमच्यापायीच आलाय.”

ती गेली. स्टश सीटवर चढायला गेला, तर गुडघे स्टीअरिंगला अडकले. तो खाली खटका चाचपू लागला.

“राहू दे ती,” झिगमुंड म्हणाला. “आहे तिथेच राहू दे.”

“मग तू बसणार कसा?”

झिगमुंड गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला आणि शेजारच्या सीटवर पसरलेले पाने, फडकी उचलून जागा करायला लागला.