रिकाम्या डब्याचं वजन

लोक घरी बसूनच कामं करू लागले आणि सकाळच्या गाडीचे प्रवासी आटत गेले. शेवटी गाडीच बंद करायचं ठरलं. आजची तिची अखेरची फेरी.

मागच्या डब्यात चिटपाखरू नव्हतं. तिकिटं तपासायची तरी कुणाची? तपासनीस बाई मुळातच थट्टेखोर. रिकाम्या बाकांना म्हणाली, "गाडी गेली म्हणून काय झालं? या सगळे माझ्या घरी! लेक एकटीच असते, तेवढीच तिला सोबत."

पुढच्या स्टेशनवर दार उघडलं आणि बाई चरकली. डब्याची पायरी फलाटाच्या अगदी बरोबरीला आली होती. डबा खच्चून भरला की स्प्रिंगा दबतात, तेव्हाच असं होतं. रिकामा डबा वीतभर उंच राहतो.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. "मामा, डबा खाली बसलाय हो."

"स्प्रिंगा तर कालच बदलल्यात, पोरी. माणसं कोंबलीस की काय?" मामा हसले.

तिने वळून पाहिलं. माणूस एकही नव्हता. पण प्रत्येक बाकाची गादी खोल दबली होती.

ती दारालाच चिकटून उभी राहिली. शेवटचं स्टेशन येताच तिने फलाटावर उडी टाकली.

मागे डबा हळूहळू वर येऊ लागला, एकेक माणूस उतरत असल्यासारखा. वीतभर वर येऊन थांबला.

घर समोरच, हाकेच्या अंतरावर होतं. आईला पाहून लेकीने दार सताड उघडलं.