विजयमालानं गाडी थांबवली

विजयमालानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून कंडक्टरच्या हातात दिली.

"परवेजभाऊ, मागच्या गाडीले फोन लावा. माह्यानं आता चालवनं होत नाही."

मानोरा नुकतंच मागे पडलं होतं. यात्रेचा दिवस. पोहरादेवीच्या रस्त्यानं माणसं पायी चालली होती, बायांच्या कडेवर लेकरं होती. एसटी दारापर्यंत भरलेली. विजयमालाची बोटं थरथरत होती आणि छाती अशी धडधडत होती की खाकी शर्टावरचा बिल्ला हलताना दिसत होता.

"बाईच्या हाती गाडी देल्ली का असंच व्हते," मागून एक जण बोलला. दोघं-तिघं हसले.

ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर तिचे वडील बसले होते. भाऊसिंग राठोड. डोक्याला नवा फेटा, मांडीवर नारळाची पिशवी. लेकीच्या गाडीत ते आज पहिल्यांदाच बसले होते, आणि मंगरूळपीर सोडल्यापासून शेजारच्याला, मागच्याला, उभ्या असलेल्यांनाही त्यांचं सांगून झालं होतं की गाडी चालवणारी त्यांची पोरगी आहे. आता ते उठून तिच्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विजू, थोडा दम धर. सावकाश चाल. पोहरा जवळच हाय. लोकं हासून राह्यले."

"हासू द्या, बा. समोर लेकरं चालून राह्यले. माहा हात ठिकानावर नाही."

भाऊसिंगांनी वाकून काचेतून समोरच्या लेकरांकडे बघितलं.

परवेजनं मागच्या गाडीच्या कंडक्टरला कळवलं, मग मानोऱ्यातल्या ओळखीच्या डॉक्टरणीला फोन लावून विजयमालाची धडधड सांगितली आणि फोन तिच्या हातात दिला. तिला तो कानाला धरवेना म्हणून परवेजनंच स्पीकर चालू केला. सगळी गाडी ऐकू लागली.

"सध्या कुठली गोळी चालू आहे का?" डॉक्टरणीनं विचारलं.

विजयमालानं खिशातलं पाकीट काढून नाव वाचलं.

"ही कशासाठी दिली?"

एवढी माणसं, समोर बाप. तिनं एकदा खिडकीबाहेर बघितलं.

"लघवीच्या जागी इन्फेक्शन झालं. जळजळ व्हते."

"पाणी पीत नाही का तुम्ही?"

"पानी पेलं का उतरा लागते, मॅडम. आमच्या डायवरायचं काय, ते झाडामागं जाते. बाईनं कुठं जावं?"

मागचं हसणं थांबलं. बायांच्या सीटवरून एका म्हातारीचा "खरं हाय वं माय" असा आवाज आला.

"आज आणखी काय घेतलंत?"

"ताकत यावी म्हनून तो थंडा डब्बा पेला. एनर्जीचा."

डॉक्टरीण म्हणाली, "त्यात भरपूर कॅफिन असतं. ही गोळी चालू असली की ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. एरवी एका डब्यानं झालं नसतं तेवढं आता होतंय. घाबरू नका, पण गाडीला हात लावू नका. ताबडतोब इकडे या, ईसीजी काढू. आणि गाडी थांबवलीत ते फार बरं केलंत."

फोन बंद झाला. भाऊसिंग तसेच उभे होते. मंगरूळपीरच्या स्टँडवर पोरीचं उतरलेलं तोंड पाहून तो डबा त्यांनीच आणला होता. ती नको म्हणत होती. "पे, मस्त तरतरी येते," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं तो उघडून दिला होता.

"बाबाजी, मंग आता आमचं कसं?" मघाचाच माणूस विचारत होता. "पूजेची येळ टळून जाईन ना."

भाऊसिंग त्याच्याकडे वळले. आवाज अजिबात खाली आणला नाही.

"तो डब्बा म्या पाजला तिले. बोलाचं असंन तं मले बोला. तिले एक शब्द बोलू नका."

म्हातारी जागेवरून उठली, माणसांतून वाट काढत पुढं आली आणि आपली पाण्याची बाटली विजयमालाच्या हातात दिली. "पे माय, पोटभर पे. लघवीले लागलीच तं मी येतो संगं, लुगड्याचा आडोसा धरतो."

विजयमालाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं बाटली तोंडाला लावली.

मागची गाडी आली. माणसं तिच्यात कोंबून बसली. परवेजनं एक जीप थांबवली. भाऊसिंगांनी नारळाची पिशवी म्हातारीजवळ दिली, "देवीले माह्या हिश्शाचा फोडजा," म्हणाले आणि लेकीसोबत जीपमध्ये बसले.

दुपारपर्यंत छातीची धडधड उतरली. ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरणीनं गोळी बदलून दिली आणि घरी आराम करायला सांगितलं. विजयमालाला आत झोप लागली होती. भाऊसिंग बाहेर बाकड्यावर बसले होते, तेवढ्यात तांड्यावरून बायकोचा फोन आला.

"झालं का दर्शन?"

"नाही झालं. पन विजूच्या गाडीत बसलो."

"हो का! कशी चालवते जी पोरगी?"

भाऊसिंगांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. दवाखान्यातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले,

"थांबवते लय चांगली."