आठ तारा

केबलच्या टोकाचा प्लग तुटला आणि नातीचं इंटरनेट बंद पडलं. ऑफिसांत नेटवर्कच्या केबल जोडायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आजोबांनी पहिल्यांदाच कपाटातून क्रिम्पर, म्हणजे प्लग दाबून बसवायची पक्कड, बाहेर काढला. त्यांनी केबलचं आवरण सोललं, तशी आजी हात पुसत आली आणि न बोलावताच शेजारी बसली. आतल्या आठ तारांतली एकेक तार ती वेगळी करून पुढे देत गेली. "ही हिरवी. आता पांढरी-तपकिरी. आणि ही नुसती तपकिरी." आजोबांनी तारा ओळीने चिमटीत धरल्या, टोकं एकसारखी कापली, नव्या प्लगमध्ये सरकवली आणि क्रिम्पर दाबला. इंटरनेट आलं.

"आजी, तुला हे सगळं कसं गं येतं?"

"यांचा डबा घेऊन रोज कामावर जायचे ना मी. बसायचे तिथेच, थोडा हातभार लावत."

आजोबा क्रिम्पर पुसता पुसता थांबले. "अगं, आता कोण मला कामावरून काढणार आहे? सांगून टाक की पोरीला."

आजी तारांचे तुकडे गोळा करू लागली. मग तेच म्हणाले, "हिरवी कुठली आणि तपकिरी कुठली, मला जन्मात कधी दिसलं नाही, बाळा. तीस वर्षं सगळी ऑफिसं हिच्या डोळ्यांनी जोडली."