वडाळीभोईजवळचा होकार

दुपारी सव्वाचारला वडाळीभोईच्या थोडं अलीकडं महेशचा मोबाइल बंद पडला. जीपमध्ये चौघे होते. महेश, त्याची आई सुमनबाई, मामा झुंबर आणि ड्रायव्हर मोतीराम. नामपूरला मुलगी पाहून ते नाशिककडं परतत होते.

मुलगी पसंत होती. पण पसंती मुलीच्या ओट्यावर बसून सांगायची नाही, गाव मागं टाकल्यावर फोनवर कळवायची, अशी झुंबरमामांच्या घरची रीत. सटाण्यात महेशनं विचारलं होतं, "करू का फोन?"

"लय उतावळा झाला का? सोग्रस फाटा तर येऊ दे."

सोग्रस फाटा मागं पडला तरी फोन सुमनबाईंकडंच राहिला. त्यांनी मखमलाबादच्या जावेला सांगितलं, आडगावच्या बहिणीला सांगितलं, बहीण बाहेर गेली होती म्हणून तिच्या सुनेला आणि मग पुन्हा बहिणीला सांगितलं. सगळ्या भावकीला कळलं. मुलीच्या बापाला कळवायचं तेवढं राहिलं.

बापानं निघताना स्पष्ट बजावलं होतं. "पाचला मालेगावचे पाहुणे येतील. तुमचा होकार त्याआधी आला, तर त्यांना नुसता चहा. नाय आला, तर मी त्यांच्याशी ठरवून साखर वाटायला मोकळा."

महेशचा चार्जर घरी देवघराशेजारच्या प्लगमध्ये लटकत होता. जीपमध्ये सिगारेटच्या खोबणीत लावायचा चार्जर होता. मोतीरामनं तो पुढं केला.

"बारीक पिन हाय दादा. तुमची जाड."

महेशनं आपलं सिम काढून मोतीरामच्या फोनमध्ये घातलं. नावं उघडली. फुलबाजारातले दोन दलाल आणि एक खतवाला, एवढेच सिमवर होते. नामपूरचा नंबर त्यानं आज सकाळीच घेतला होता आणि तो बसला होता बंद पडलेल्या फोनच्या पोटात. मध्यस्थाचा नंबरही तिथंच. सुमनबाईंना पाठ होते ते सगळे नंबर मखमलाबादचे.

रस्त्याकडेच्या टपरीत जाड पिनचा चार्जर निघाला. टपरीवाल्यानं तो कौतुकानं दाखवला आणि वर बंद पंख्याकडं बोट केलं. "लोडशेडिंग. लाइट सहाला."

"सहाला काय पूजा करायची त्याची?" सुमनबाई म्हणाल्या.

"तू नको बोलू अक्का," मामा म्हणाले. "निम्मी बॅटरी तू खाल्ली."

"आणि फाटा येऊ दे, फाटा येऊ दे, कोण म्हणत होतं?"

महेश दोघांचंही ऐकत नव्हता. सकाळी मामांनी मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणकामाचं विचारलं. तिनं सगळ्याला उत्तरं दिली आणि मग सरळ त्याच्याकडं बघून विचारलं, "फुलं तोडायला तुम्ही किती वाजता उठता?" आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मोतीराम, टॉर्च हाय का गाडीत?"

सीटखाली तीन सेलची टॉर्च होती. महेशनं सेल बाहेर काढले, एकामागं एक लावले आणि टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळले. मोतीरामच्या टेपचा मागचा स्पीकर कधीचा मुका होता. त्याची वायर तोडून महेशनं दातांनी सोलली. फोनची बॅटरी मांडीवर घेतली, प्लसला प्लस, मायनसला मायनस धरलं आणि दोन्ही अंगठे दाबून बसला. रात्री मळ्यात मोटार चालू करायला जाणारी पोरं असंच करायची.

"फुटंल ते," म्हणून मामा मागं सरकले.

"फुटू द्या."

मामांनी भाच्याकडं पाहिलं. आजवर तो त्यांना असं बोलला नव्हता.

हायवेवरून कांद्याचे ट्रक जात होते. बॅटरी कोमट झाली, मग चांगलीच गरम झाली. बोटं भाजायला लागली तेव्हा महेशनं ती उचलून फोनमध्ये बसवली. पडदा उजळला. चार्जिंगची एकच रेघ दिसत होती, तीही लुकलुकत होती. महेश घाईनं एकेक आकडा वाचत गेला, मोतीराम आपल्या फोनवर दाबत गेला. शेवटचा आकडा सांगून होतो तोच पडदा काळा झाला.

"झाले दहा," मोतीराम म्हणाला. "लावू?"

बोलायचा मान मामांचा. त्यांनी फोन घेतला, घसा साफ केला. पलीकडं मुलगीच होती.

"मनाली का? बाळ, मी नाशिकहून... म्हणजे रस्त्यातूनच बोलतोय. बाबांना दे जरा." ते ऐकत राहिले. चेहरा उतरला. फोनवर हात ठेवून म्हणाले, "मालेगाववाले लवकर आले. ओट्यावर बसलेत. बाप त्यांच्यातून उठंना."

"मग तिलाच सांगा," सुमनबाई म्हणाल्या.

"पोरीला? पोरीला कसं सांगू मी?"

महेशनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "मी महेश. आमचा होकार आहे. फोन बंद पडला होता, म्हणून उशीर झाला."

पलीकडं भांडं वाजलं.

"तिकडं साखर वाटली का?" त्यानं विचारलं.

लांबून तिच्या बापाचा आवाज आला, "अगं, साखर आणतेस ना?" मनालीनं त्याला "आणते, आणते" म्हटलं आणि मग फोनमध्ये हळूच बोलली.

"डबा माझ्या हातात आहे. झाकण निघत नाही, असं सांगितलंय त्यांना."