आजोबांच्या पिंपातली

"चूक," मालक म्हणाले.

मुलीने हातातला ग्लास खाली ठेवला नाही. "बाबा, पुन्हा एकदा वास घ्या. हीच आजोबांच्या पिंपातली आहे."

"मला शिकवतेस? परक्यांच्या पिंपांत नाक खुपसून आलीस म्हणून?"

टेबलावर आणखी दोन ग्लास होते. तिन्हींत याच डिस्टिलरीची सिंगल माल्ट व्हिस्की: एक कोवळी, एक मधली, आणि एक मालकांच्या वडिलांनी भरून ठेवलेली. रंगावरून काही कळणार नाही अशीच पिंपं मालकांनी निवडली होती. ग्लास त्यांनी स्वतः भरले, डोळे मिटून फिरवले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कुठे काय आहे, ते आता माझं नाकच जाणे."

मुलीने जुनी ओळखली तर डिस्टिलरी तिची. नाहीतर ती विकत घ्यायला टपलेल्या कंपनीची. कंपनीचा वकील कागद घेऊन बसलाच होता.

"तुम्हाला मला द्यायचीच नव्हती," मुलगी म्हणाली. "मग हा तमाशा कशाला?"

"घरची भट्टी सोडून दुसऱ्यांच्या दारी गेलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?"

"तुम्ही हाकललंत म्हणून गेले."

"मग आताही चालू लाग."

कोठारातला मुकादम चाचरत मध्ये पडला. "साहेब, एकदा दोघांनी मिळून..."

"तू तोंड मिटून उभा राहा."

मुकादम मागे सरला. त्या नाकापुढे आजवर कोणाचं चाललं नव्हतं. मालकांनी नुसतं हुंगून, भरलेली पिंपं गटारात ओतायला लावली होती, आणि लोकांनी मुकाट ओतली होती.

मालकांनी सही ठोकली. वकिलाने शाई वाळायचीही वाट पाहिली नाही.

मुलगी दारात थांबली. "बाबा, ती जुनीच होती. मरेपर्यंत हेच म्हणेन."

"खुशाल म्हण. पण या उंबऱ्याच्या बाहेर."

तिच्यामागोमाग वकील गेला, मुकादमही गेला. मग मालकांची बहीण आत आली. आईविना पोरीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. तिने हातातला ग्लास टेबलावर टेकवला, खिडकी उघडली आणि फाटकाकडे बघत राहिली.

"गेली पोर," ती म्हणाली. "दादा, तुझी खात्री होती ना?"

"माझं नाक कधी चुकलंय?"

"आजवर नाही. म्हणूनच विचारते. परत बोलावायचं तर अजून फाटकाशीच आहे ती."

मालकांची नजरही फाटकाकडेच होती. हाताला लागला तो ग्लास त्यांनी उचलला, डोळे मिटले आणि सावकाश वास ओढून घेतला. चेहरा निवळला.

"मनुका. जुनं लाकूड. मागाहून जरासा धूर. ही बघ, ही आपल्या बाबांच्या हातची. कार्टीला ओळखता आली नाही."

बहीण खिडकीपासून वळली. तिने त्यांच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "तो माझा कोरा चहा आहे."