ताप नव्हता

“पोट कधीपासून दुखतंय?” स्ट्रेचरवरच्या पेशंटला तपासत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिच्या बॉयलरवाल्या नवऱ्याने खिशातली वही पुढे केली. तीस वर्षं कारखान्यात वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून काढलेला माणूस. काटा लाल रेघेखाली असला की याचा जीव भांड्यात. बायकोला इंजेक्शन सुरू झालं तेव्हा नर्सने जंतुसंसर्गापासून जपा म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून हा पठ्ठ्या दिवसातून तीनदा तिचा ताप मोजून लिहून ठेवत होता. एकही आकडा नव्याण्णवच्या वर गेलेला नव्हता.

“ताप नाहीच तिला,” तो म्हणाला. “बघा ना.”

बाईंनी वही मिटली. “काका, यांच्या शरीराचं सैन्य यांच्याच डोळ्याला रक्त नेणाऱ्या नसांवर उलटलं होतं. त्या सैन्याला हाक मारणारं एक प्रथिन असतं, निरोप्याच म्हणा. दर आठवड्याच्या इंजेक्शनने आपण त्याचं तोंड बंद केलं, म्हणून यांचा डोळा वाचला. पण ताप आणायचा निरोपही तोच देतो. आत आतडं फुटलंय आणि अंगात ताप नाही, तो त्यामुळेच.”

त्याला मंगळवार आठवला. ती पोट धरून बसली होती, तेव्हा तो म्हणाला होता, “अंगात ताप नाही, काही नाही, उगाच कसला बाऊ करतेस?” बुधवारपासून तिने सांगायचंच सोडलं होतं.

“ऑपरेशनच्या आधी मला नक्की कळायला हवं,” बाई म्हणाल्या. “किती दिवस झाले?”

“आज सकाळपासूनच,” बायको स्ट्रेचरवरून म्हणाली. आवाज बारीक, पण ठाम. “यांना काही ठाऊकच नव्हतं.”

बाईंनी तसं लिहायला घेतलं. तो गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. क्षणभर त्याला तसं वाटलंही, आणि स्वतःचीच लाज वाटली.

“चार दिवस,” तो म्हणाला. “मंगळवारीच तिने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.”

बाईंचा चेहरा बदलला. “यांना आत घ्या, आत्ताच्या आत्ता!”

स्ट्रेचर हललं. तो बाजूने धावू लागला. दाराशी तिने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं.

“कशाला सांगितलंत?” ती म्हणाली. “आता मी गेले, तर जन्मभर हेच उगाळत बसाल.”